एक फूट जागा

जबलपूरहून मी बोलतोय.

नेहमीचे प्रेक्षक म्हणतील, आज साहेबांना झालंय काय? एरवी आपण इथे लढाया, छावण्या आणि तोफांचे कारखाने यांच्याविषयी बोलतो. आज विषय आहे कोंबडीखाना, म्हणजे ब्रॉयलर कोंबडीची शेड. तिथे एका पक्ष्याला जागा किती द्यायची, ती कोणी ठरवली आणि त्या हिशेबाचा इतिहास काय. हसू नका. हा विषय माझ्या अंगावर आला म्हणून मी तो वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की याची मुळं थेट आपल्या छावण्यांपर्यंत जातात.

आधी घटना सांगतो. माझ्या युनिटमधला एक हवालदार निवृत्तीनंतर पनागरच्या पुढे आपल्या गावी राहायला गेला. पनागर म्हणजे जबलपूरहून कटनीकडे जाताना लागणारं गाव. मिळालेल्या पैशातून त्याने १६० फूट लांब आणि ३० फूट रुंद अशी शेड बांधली. ४,८०० चौरस फूट. पद्धत कराराची. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, वीज, तूस आणि मेहनत याची. दर वेळी तो ४,००० पिल्लं घ्यायचा. एका वर्षी एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. "साहेब, लग्नसराईमुळे भाव चढा आहे. सुपरवायझर म्हणतो ४,८०० घ्या. फुटाला एक पक्षी, हाच नियम आहे. घेऊ का?"

मी म्हणालो, "नियमात बसतंय ना? मग घे."

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर ४४ अंश. बॅच छत्तीस दिवसांची, एकेक पक्षी दोन किलोच्या वर. दीडच्या सुमारास वीज गेली. पंखे बंद, फवारे बंद. जनरेटर त्याच्याकडे नव्हता. चार वाजता त्याचा फोन आला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "साब, ग्यारह सौ गए."

मी संध्याकाळी पोचलो. शेडच्या मधोमध पक्षी जसे बसले होते तसेच मेले होते, चोची उघड्या. जिवंत होते ते धापा टाकत होते. त्याची बायको आणि मुलगा पोत्यांत मेलेले पक्षी भरत होते. माझ्याकडे कोणी रागाने पाहिलं नाही. पण "नियमात बसतंय" हे माझे शब्द होते.

घरी येऊन मी हिशेब केला. ४,८०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४४६ चौरस मीटर. पक्षी ४,८००, सरासरी वजन २.१ किलो धरलं तर दर चौरस मीटरला साडेबावीस किलोच्या आसपास. आता गंमत बघा. युरोपीय संघाचा कायदा दर चौरस मीटरला ३३ किलोपर्यंत सरसकट परवानगी देतो आणि काही अटी पाळल्या तर ४२ किलोपर्यंत. म्हणजे आमच्या हवालदाराने आपल्याकडचा नियम पाळला होता, शिवाय युरोपच्या मानाने त्याची शेड मोकळीच होती. तरी अकराशे गेले. मग नियमात चुकलं काय?

याचं उत्तर शोधायला आपल्याला आधी बराकीत जावं लागेल.

डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं आणि पुढे इथे छावणी पडली. त्या काळात हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेची खरी लढाई शत्रूशी नव्हतीच. कॉलरा, हगवण आणि ताप यांनीच माणसं जात होती. १८५७ नंतर फौज वाढवावी लागली, तेव्हा हा प्रश्न विलायतेत गाजला. १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यामागे हट्टाने उभी होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल, जी हिंदुस्थानात कधी आलीच नाही. तिने इथल्या छावण्यांकडून छापील प्रश्नावल्या भरून मागवल्या आणि त्यांतून आकडे काढले. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, तिने पुन्हा लिहिलं तेव्हा हा आकडा १८ वर आला होता.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी. त्या काळचे लष्करी डॉक्टर माणसामागे चौरस फूट मोजून थांबत नव्हते. ते घनफूट मोजत होते. एका माणसामागे जमीन किती आणि हवा किती, हे दोन वेगळे आकडे. आणि नाइटिंगेलचा आग्रह त्याहून पुढचा. नुसती मोठी बराक बांधू नका. हवा खेळती आहे का, पाणी कुठून येतं, मैला कुठे जातो, जमीन कोरडी आहे का, हेही बघा. माणसं तेवढीच असतील आणि खिडक्या बंद असतील, तर मोठी बराकसुद्धा माणसं मारते.

मी आयुष्याची कितीतरी वर्षं बराकीत काढली. तरी त्या एप्रिलमध्ये हवालदाराला मी शेडची उंची किती, वारा कुठून येतो, वीज गेली तर काय करशील, यातलं काहीही विचारलं नाही. फक्त चौरस फूट विचारले.

आता कोंबडीकडे येऊ. ब्रॉयलर, म्हणजे फक्त मांसासाठी वाढवायची कोंबडी, या धंद्याची सुरुवात एका चुकीतून झाली असं सांगतात. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाची एक बाई अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळायची. तिने ५० पिल्लं मागवली आणि आली ५००. परत न पाठवता तिने ती वाढवली. ३८७ जगली, चांगल्या भावाने विकली गेली आणि तीन वर्षांत बाईंनी दहा हजार पक्ष्यांची सोय केली. त्या सुरुवातीच्या खोपट्यांपैकी एक अमेरिकेने ऐतिहासिक वास्तू म्हणून जपलं आहे. मोजमाप १६ फूट बाय १६ फूट, पक्षी ५००. म्हणजे एका पिल्लाला अर्धा फूट. पण तेव्हाचं पिल्लू वाढायलाही खूप वेळ घ्यायचं आणि विकायला निघायचं तेव्हा जेमतेम किलोभराचं असायचं.

एवढे पक्षी एका छपराखाली ठेवणं त्याआधी शक्यच नव्हतं. ऊन मिळालं नाही की पिल्लांचे पाय वाकायचे. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला, खाद्यात कॉड माशाचं तेल घालता येऊ लागलं आणि कोंबडी उन्हावाचून घरात राहू लागली. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत कळलं की खाद्यात थोडं प्रतिजैविक मिसळलं तर वाढही जोरात होते. दाटीतले रोग दबले, वजन वाढलं. म्हणजे दाटी पेलण्याचं सामर्थ्य पक्ष्यात आलं नव्हतं, ते औषधाच्या पिशवीतून आलं होतं. त्याची किंमत पुढे माणसांना कळली. वाढीसाठी प्रतिजैविकं देणं युरोपने २००६ पासून बंद केलं. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधावर पशुपालनात बंदी आली, कारण दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर तेच राखून ठेवतात.

तिसरी गोष्ट जातीची. १९४६ मध्ये अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची स्पर्धा जाहीर झाली. रुंद छातीची आणि लवकर वाढणारी कोंबडी कोण तयार करतो, अशी पैज. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या व्हँट्रेस यांची संकरित कोंबडी पहिली आली. 'कॉब-व्हँट्रेस' या आजच्या जगप्रसिद्ध पैदास कंपनीच्या नावात ते व्हँट्रेस अजून आहेत.

आपल्याकडे सुरुवात संथ होती. उत्तर प्रदेशात एटा इथे अमेरिकन मिशनने १९१२ च्या सुमाराला कोंबडीपालन शिकवायला घेतलं. १९३९ मध्ये इज्जतनगरच्या संस्थेत कोंबड्यांवरचं संशोधन सुरू झालं. १९४८ मध्ये आमच्या जबलपूरला पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. नागपूरला स्वतंत्र पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्ये आलं. त्यामुळे त्या पिढीतल्या विदर्भाच्या मुलाला गुराढोरांचा डॉक्टर व्हायचं, तर आपल्याच प्रांतातलं कॉलेज म्हणजे जबलपूर. मग १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे कॉबच्या जातीवर आधारलेला 'व्हेनकॉब' पक्षी तिथूनच देशभर गेला. १९९० नंतर दक्षिणेतून कराराची पद्धत पसरली आणि कोंबडी हे परसातलं काम न राहता शेडमधला धंदा झाला. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यातली ५३ कोटींहून जास्त व्यापारी फार्मवरची होती.

या सगळ्या प्रवासात गादी पद्धत आली, म्हणजे जमिनीवर दोन-तीन इंच तूस अंथरायचं आणि त्यावर पक्षी सोडायचे. गादीबरोबर आला तो आपला नियम, 'ब्रॉयलरला एक चौरस फूट'. लक्षात ठेवायला सोपा. शेडची लांबी गुणिले रुंदी, तेवढे पक्षी.

आता मुद्द्यावर येतो. नियम तोच राहिला आणि त्या फुटातली कोंबडी मात्र बदलली.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला. १९५७ आणि १९७८ च्या जातींचा जपून ठेवलेला वंश आणि २००५ ची बाजारातली जात, असे तीन पक्षी त्यांनी एकाच वेळी, एकच खाद्य देऊन वाढवले. छप्पन्न दिवसांनी वजनं केली. १९५७ ची कोंबडी ९०५ ग्रॅम. १९७८ ची १,८०८ ग्रॅम. २००५ ची ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेच, वजन साडेचार पटींहून जास्त.

आता विचार करा, त्या एका फुटाचा अर्थ काय उरला? पहिल्या दिवशी पिल्लू चाळीस ग्रॅमचं असतं, त्याला एक फूट म्हणजे मैदान. वीस दिवसांनी ती खोली होते. पस्तीस दिवसांनंतर ती आगगाडीच्या जनरल डब्यातली जागा होते. पक्षी मोजून दाटी कळत नाही, ती किलोत मोजावी लागते, आणि तीही शेवटच्या आठवड्यात. म्हणून युरोपचा कायदा 'दर चौरस मीटरला किती किलो' अशा भाषेत लिहिला आहे. आपण अजून डोकी मोजतो.

दाटी झाल्यावर शेडमध्ये नेमकं काय होतं, तेही सांगतो.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं आणि उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच वाटा. एक, पंख थोडे उघडून वारा घेणं. दुसरी, धापा टाकणं. दोन किलोचा पक्षी साधारण १५ ते २० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ४,८०० पक्षी म्हणजे एक किलोवॅटचे सत्तर ते पंचाण्णव हीटर एका शेडमध्ये अहोरात्र चालू. पक्षी अंगाला अंग लावून बसले की मधून वारा जात नाही, पंख उघडता येत नाहीत, उरते फक्त धाप. बाहेर ४४ अंश असताना हवा शरीराहून गरम असते, म्हणजे वाऱ्यानेही आराम नाही. आणि धापांनी हवा दमट झाली की धापही निरुपयोगी. त्या दुपारी हेच झालं.

दुसरं, गादी. कोंबडी जेवढं खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्यातलं बरंचसं विष्ठेतून तुसावर येतं. पक्षी विरळ असले तर तूस वाळतं, त्यांच्या पायांनीच उकरलं जातं. दाटी झाली की तूस ओलं होतं, मग त्याची पोळी बनते आणि त्यातून अमोनिया उठतो. आपण शेडमध्ये शिरलो की डोळे चुरचुरतात. पंधरा मिनिटांनी काही वाटेनासं होतं, कारण नाक सवय करून घेतं. पक्षी तिथे सहा आठवडे असतो, त्याचं डोकं जमिनीपासून वीतभर उंचीवर. ओल्या गादीने तळव्यांना फोड येतात, घोट्यावर काळे चट्टे पडतात. पाय दुखला की पक्षी दाणीपर्यंत जात नाही. गेला तर बसलेल्यांना तुडवत जातो, त्यांची झोप मोडते. म्हणून दाटीत प्रत्येक पक्षी थोडं कमी खातो आणि थोडा कमी वाढतो.

मग शहाणा माणूस दाटी करतोच कशाला? इथे हिशेबाची मेख आहे. उदाहरणापुरते आकडे धरू. ४,००० पक्षी २.२ किलोचे झाले तर ८,८०० किलो माल. ४,८०० पक्षी दाटीने फक्त २.०५ किलोचे झाले, तरी ९,८४० किलो माल. प्रत्येक पक्ष्याचं नुकसान, पण शेडचा फायदा. शेतकऱ्याला मजुरी किलोवर मिळते, कंपनीला गाडीभर माल जास्त मिळतो, गिऱ्हाईकाला चिकन स्वस्त मिळतं. पक्ष्याचा दुखरा पाय कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. आणि मेची ती एक दुपार आली, की वर्षभर साठवलेला हा फायदा चार तासांत जातो. तोही शेडवाल्याचा. आमच्या हवालदाराच्या त्या बॅचच्या हिशेबात मरतूक ठरल्यापेक्षा किती तरी जास्त निघाली. ती त्याच्या मजुरीतून वळती झाली, आणि पंचेचाळीस दिवस राबून हातात जवळपास काही आलं नाही.

पक्ष्याच्या वेदनेचा हिशेब कोणी मांडलाच नाही असं नाही. १९६४ मध्ये इंग्लंडच्या रूथ हॅरिसन या बाईंनी 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहिलं. सरकारला समिती नेमावी लागली आणि १९६५ मध्ये ब्रँबेल समितीने पाच साध्या गोष्टी मांडल्या. पाळीव जनावराला उभं राहता, आडवं होता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. बस, एवढंच. आपल्याकडे त्याही आधी, १९५० च्या दशकात, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडलं होतं. त्यातूनच १९६० चा कायदा आला. प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा त्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पण ब्रॉयलर पिंजऱ्यात नसतो, मोकळ्या जमिनीवर असतो. शेवटच्या आठवड्यात शेजारचे पक्षीच त्याचा पिंजरा होतात. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९ व्या अहवालात अंड्यांच्या आणि मांसाच्या, दोन्ही कोंबड्यांच्या जागेचा विचार केला. निदान प्रश्न देशाच्या कागदावर आला.

आता माझ्या कोड्याचं उत्तर. युरोपात ३३ किलोला चालतं, मग पनागरला साडेबावीस किलोला अकराशे का गेले?

२००४ मध्ये ऑक्सफर्डच्या मॅरियन स्टॅम्प डॉकिन्स यांचा एक अभ्यास 'नेचर' या नियतकालिकात आला. हा प्रयोगशाळेतला चार खोल्यांचा प्रयोग नव्हता. इंग्लंड आणि डेन्मार्कमधल्या दहा कंपन्या, सुमारे २७ लाख पक्षी आणि दर चौरस मीटरला ३० पासून ४६ किलोपर्यंत पाच वेगवेगळ्या दाट्या. निष्कर्ष असा की सगळ्यात वरच्या दाटीत पक्षी जास्त धक्के खातात, नीट चालणारे कमी होतात, वाढही मंदावते. पण मरतूक, आजार आणि पायांची अवस्था यांत कंपनीकंपनीत जो फरक पडला, तो दाटीच्या आकड्यापेक्षा तापमान, दमटपणा, गादी आणि हवा कोण कशी सांभाळतो यावर जास्त अवलंबून होता.

वाचताना मला नाइटिंगेल आठवली. दीडशे वर्षांपूर्वी बराकीबद्दल ती वेगळं काय सांगत होती?

म्हणूनच युरोपचा २००७ चा नियम, जो २०१० पासून लागू झाला, तो नुसता आकडा देऊन थांबत नाही. ३३ किलोच्या वर जायचं असेल तर अमोनिया २० पीपीएमच्या आत हवा. बाहेर ३० अंशांहून जास्त असेल तर शेडचं तापमान बाहेरच्यापेक्षा तीन अंशांहून वर जाता कामा नये. पण हेच कलम जबलपूरला लावून बघा. बाहेर ४४, आत ४७. कागदावर नियम पाळला गेला, आणि शेडमध्ये एकही पक्षी उरला नाही. थंड मुलखात लिहिलेला नियम गरम मुलखात तसाच उचलता येत नाही. तिकडची शेड बंद, यंत्रांनी हवा खेळवलेली. आपली शेड उघडी, पडद्यांची, वाऱ्याच्या भरवशावरची. तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, म्हणजे ऊन आत येत नाही. रुंदी तीस फुटांच्या वर नेत नाहीत, कारण त्याहून रुंद शेडच्या मध्यापर्यंत वारा पोचत नाही. अशा शेडमध्ये एक फूट हा आकडा डिसेंबरात ठीक आहे. मेमध्ये सव्वा ते दीड फूट लागतो. आपल्याकडच्या जाणकारांनी हे सांगितलेलं आहेच. पण सोपा नियम लोकांच्या तोंडी राहतो आणि त्याच्या पुढचं 'उन्हाळ्यात मात्र' गळून पडतं. माझ्याही तोंडून ते गळलं होतं.

दाटी फक्त शेडच्या आत नसते, हेही सांगायला हवं. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. एका लहान तालुक्याच्या गावाभोवती पन्नासएक पोल्ट्री फार्म जवळजवळ उभे राहिले होते. रोग आला तेव्हा आजारी आणि धडधाकट असा भेद करता आला नाही. लाखो पक्षी मारून पुरावे लागले. २०२१ च्या सुरुवातीला नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. लष्करात आम्हाला शिकवतात की सगळा दारूगोळा एका जागी ठेवू नका. कोंबड्यांचंही तसंच आहे.

यावर आमच्या जबलपूरने एक वेगळी वाटही शोधली आहे. इथल्या पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी झाबुआचा काळा कडकनाथ आणि आपली 'जबलपूर कलर' ही जात यांच्या संकरातून 'नर्मदानिधी' नावाचा पक्षी काढला. त्यात पाव हिस्सा कडकनाथ आहे. तो ब्रॉयलरसारखा सहा आठवड्यांत तयार होत नाही. पण परसात हिंडतो, उन्हात टिकतो, घरच्या दाण्यावर वाढतो आणि अंडीही देतो. लग्नसराईची मागणी त्याने भागणार नाही, हे मला कळतं. पण पैदास करताना वजनाशिवाय दुसरंही काही निवडता येतं, एवढं त्याने दाखवलं.

शेवटी आमच्या हवालदाराकडे येतो. त्या संध्याकाळनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि म्हणालो, "तुला चुकीचा सल्ला दिला." तो म्हणाला, "साहेब, सल्ला नियमाचा होता. पण बराकीत आपण नियमावर कधी राहिलो? तंबूत दहाची जागा असली तरी उन्हाळ्यात आठच झोपायचो." हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. दोघांनीही कोंबडीला लावून पाहिलं नव्हतं.

आता तो मार्च ते जूनमध्ये ३,६०० च्या वर पिल्लं घेत नाही. सुपरवायझरशी दोनदा वाद झाला, पण ऐकलं त्यांनी. पत्र्यावर भाताचा पेंढा टाकला आहे आणि दुपारी त्यावर पाणी सोडतो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दाणे वर उचलतो, म्हणजे पचनाची उष्णता भर दुपारी चढत नाही. रोज सकाळी तुसाची मूठ दाबून बघतो. गोळा झाला की उकरायचं, नाहीतर बदलायचं. तिसाव्या दिवसानंतर जड पक्षी आधी उचलायला लावतो, जशी आपण कपाशीची विरळणी करतो. आणि एक जुना जनरेटर घेतला आहे. गेल्या उन्हाळ्यातही वीज गेली. सतरा पक्षी मेले. त्याने मला आकडा फोन करून कळवला.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी, मग ते नाशिकला असोत, बेळगावला असोत, इंदूर-बडोद्याला असोत, शेड टाकायच्या विचारात असाल तर चौरस फूट जरूर मोजा. पण त्यानंतर मेच्या भर दुपारी कुठल्यातरी चालू शेडमध्ये जा, गुडघ्यावर बसा, नाक पक्ष्याच्या उंचीवर आणा आणि अर्धा तास तिथे थांबून बघा. थांबवलं नाही, तर ती शेड भरू नका.

पुढच्या भागात आपण पुन्हा आपल्या नेहमीच्या रस्त्याला लागू. विषय आहे जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना. भेटू या. जय हिंद.